आडवा बोगदा

रविवारी पोह्यांवर जिरावण भुरभुरत होते, तेवढ्यात कॅलिफोर्नियाहून भाच्याचे फोटो आले. "मावशी, हा कोण गं?" व्हाइट फर या सूचिपर्णी झाडाची साल, आतून कोरलेली. इंदुरात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण फर पाहिला तो फक्त मनालीच्या सहलीत.

भुंगेरा जेमतेम ४ मिलिमीटर, काळसर. म्हटलं, बाजूने फोटो काढ. पाठ सरळ, आणि पोट मागे खालून वर तिरकं छाटल्यासारखं. म्हणजे साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी स्कोलिटस. त्यांच्यातलाच इप्स असता तर पंखांच्या उतारावर काटे दिसले असते. पण खरी ओळख सालीतच होती: मादीचा बोगदा खोडाला आडवा, आणि अळ्यांच्या बारीक वाटा त्यातून वर-खाली. अगदी आजीची दुतर्फा दातांची फणी! स्कोलिटस व्हेंट्रॅलिस, १८६८ मध्ये कीटकशास्त्रज्ञ लेकाँटने वर्णन केलेला. लाकडावरचा तपकिरी डाग त्याने सोबत आणलेल्या बुरशीचा.

"पण राळेची बोंडं कुठेत?" भाच्याने विचारलं. पाइनवरच्या भुंगेऱ्यांच्या छिद्रांपाशी साचतात तशी ती इथे नसतात, सालीच्या भेगांत तपकिरी भुसा तेवढा.

झाड आधीच तहानलेलं होतं का, विचारलं. दुष्काळात खंगलेली झाडं याला फावतात. उत्तर येईपर्यंत पोहे गार.