पापणीवरचा पिवळा चट्टा

गेले काही महिने डाव्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, एक पिवळसर चट्टा दिसत होता. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. आज शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. नाव कळलं, झँथेलाझ्मा. कातडीत साठलेलं कोलेस्टेरॉल.

मला वाटायचं, रक्तात चरबी वाढली की ती अशी कुठेतरी जाऊन बसते. एवढं सरळ नाही ते. एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपून त्वचेत येतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडतात. साधं एलडीएल पुरेसं झालं की पेशी दार लावून घेतात. पण हे बिघडलेले कण मॅक्रोफेज, म्हणजे आपल्या सफाई करणाऱ्या पेशी, वेगळ्याच दाराने आत घेतात, आणि ते दार बंदच होत नाही! खात राहतात, फुगतात, फेसाळ दिसायला लागतात. माझा चट्टा म्हणजे त्यांचीच गर्दी. (बिचाऱ्या कामच करत होत्या.) धमन्यांतही असंच घडतं हे ऐकल्यावर मात्र हसू मावळलं.

असा चट्टा असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं म्हणे. माझं काय ते उद्या कळेल, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय. चट्टा काढायचं नंतर बघू, काढला तरी परत येऊ शकतो.