व्हर्च्युअलबॉक्समधले हिरवे कासव

घरच्या विंडोज ११ च्या मांडणीला हात न लावता त्याच संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली शिकायची असेल, तर व्हर्च्युअलबॉक्ससारखा सोयीचा मार्ग नाही. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या आतच एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवते. सॉफ्टवेअर बसवणे, उबुंटू २४.०४ ची सुमारे ६ जीबीची आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्यासाठीची डिस्क-प्रत) उतरवून घेणे आणि नव्या मशीनला ४ जीबी रॅम व २५ जीबी डिस्क नेमून देणे, यात अडण्यासारखे काहीच नव्हते. मशीन सुरूही झाले. परंतु माउस हलवल्यावर बाण काही वेळाने सरकत असे, आणि टर्मिनल उघडेपर्यंत आपण नेमके काय करायला निघालो होतो, याचाच विसर पडत असे.

संगणक विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला विचारले, तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (आभासी मशीन चालवण्याची प्रोसेसरमधली सोय) सुरू करा, असे उत्तर मिळाले. ते आधीपासूनच सुरू होते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर, सीपीयूच्या आलेखाखाली, तसे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते मी त्यांना वाचूनही दाखवले. त्यानंतर त्यांनी रॅम वाढवण्याचा सल्ला दिला. समोरच्या माणसाने दिलेली माहिती ऐकून न घेता आपल्या यादीतला पुढचा उपाय वाचून दाखवणे, याला मदत कसे म्हणावे, हे मला अजूनही समजत नाही. १६ जीबी रॅमपैकी निम्मी मोकळी असताना ती वाढवून काय साधणार होते?

खरी खूण समोरच होती. चालू मशीनच्या खिडकीत तळाशी उजवीकडे लहान चिन्हांची एक ओळ असते, तिच्यात एक हिरवे कासव दिसत होते. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय व्हर्च्युअलबॉक्सला थेट मिळत नसून ती विंडोजच्या स्वतःच्या हायपरवायजरमार्फत (आभासी मशीन चालवणाऱ्या थरामार्फत) वापरावी लागत आहे, असा त्याचा अर्थ. इंटेलची व्हीटी-एक्स असो वा एएमडीची एएमडी-व्ही, विंडोजचा हायपरवायजर संगणक सुरू होतानाच ती ताब्यात घेतो आणि नंतर आलेल्या व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावे लागते. म्हणूनच बायोसमध्ये सगळे ठीक दिसूनही मशीन रखडते. याची खात्री सिस्टिम इन्फर्मेशन या खिडकीत होते. हायपरवायजर आढळल्याची नोंद तिथे सर्वांत शेवटच्या ओळीत असते.

हा हायपरवायजर अनेक कारणांनी चालू असू शकतो. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या यादीत हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायजर प्लॅटफॉर्म यांच्यापुढच्या खुणा पाहाव्यात. माझ्याकडे त्या नव्हत्याच. कारण निघाले विंडोज सिक्युरिटीतील कोअर आयसोलेशनखाली असलेली मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे हायपरवायजरच्या आधाराने विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी सोय. ती बंद केली, संगणक रीस्टार्ट केला आणि कासव गेले. उबुंटूचा पडदा झरझर उघडला तेव्हा झालेला आनंद मोठा होता, आणि रॅमवर एक रुपयाही खर्च न करता तो मिळाला, याचा मला अभिमान आहे.

येथे शटडाउन नव्हे, रीस्टार्टच करावे, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. मेमरी इंटिग्रिटी ही मात्र खरी सुरक्षा आहे. ज्या संगणकावर अनोळखी ड्रायव्हर किंवा प्रोग्राम बसवले जातात, तिथे मी ती बंद करणार नाही. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरणाऱ्यांनी व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढू नये, नाहीतर तेच बंद पडेल.

ज्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये व्हर्च्युअलायझेशन खरोखरच बंद दिसते, त्यांना बायोसमध्ये जावेच लागेल. एएमडीच्या संगणकांवर तिथे बहुधा ‘एसव्हीएम मोड’ असे लिहिलेले असते. त्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकते. उबुंटूच्या पडद्याचा आकार खिडकीनुसार बदलत नसेल, तर उबुंटूच्या आत गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक प्रोग्राम बसवावेत. त्यांचे बहुतेक काम आपोआप होते.