लेकीची चाचणी मराठीत घ्या म्हणून अडून बसले, त्याचा अनुभव

माझ्या लेकीला डाउन सिंड्रोम आहे. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, घरात मराठी, शाळा सरकारी मराठी. तिचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आता हातात आलंय, पण एका खोलीतला राग अजून गेलेला नाही. आमच्या भागातल्या इतर आयांना उपयोग होईल म्हणून लिहिते.

ऑनलाइन अर्जात काही अवघड नाही. या कार्डासाठीच्या स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर माहिती भरली, फोटो चढवला. मुलांच्या डॉक्टरांनी फाईल बघितली, इको, थायरॉइड, गुणसूत्रांच्या तपासणीचा कागद, सगळं होतं. तिथवर काही अडलं नाही.

अडलं ते बुद्ध्यांक चाचणीपाशी. बौद्धिक दिव्यांगत्वाचा टक्का ठरवताना आधी आईवडिलांना विचारतात, मूल हाताने जेवतं का, कपडे घालतं का, संडासला सांगतं का. मग मुलाला प्रश्न विचारून, चित्रं दाखवून चाचणी घेतात. त्या सरकारी दवाखान्याचं नाव मी घेत नाही. तिथे चाचणी घेणारे सर आठवड्यातून एकदा यायचे. पहाटेच्या बसने जाऊन आमचा नंबर लागला दुपारी, तोवर लेक कंटाळलेली. आणि सरांनी सगळं कन्नडमध्ये विचारायला सुरुवात केली.

ती गप्प. घरी नाक कुठे, कान कुठे विचारलं तर आरशासमोर उभी राहून दाखवते, आजीचंही नाक ओढते. तिथे नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मराठीत सांगायला गेले तर मला थांबवलं, "तुम्ही मध्ये बोलायचं नाही." आईने उत्तर सुचवू नये हा नियम मला मान्य आहे. पण पोरीला प्रश्नच कळला नव्हता! त्यांनी कागदावर एकामागून एक फुल्या मारल्या आणि मला विचारलं, कर्नाटकात राहून मुलीला कन्नड का शिकवलं नाही?

कन्नडशी माझं काही वाकडं नाही. बाजारात, बँकेत मी बोलते. पण जिला एका भाषेतला एकेक शब्द जुळवायला एवढे कष्ट पडले, तिच्याकडून दुसऱ्या भाषेत उत्तर मागायचं आणि ते आलं नाही म्हणून बुद्धी कमी ठरवायची, हे मी कसं चालू देऊ?

मराठीत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, "मुंदिन वारा बर्री," म्हणजे पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्याला गेले तर सर रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला सुट्टी. नंतर खिडकीवरच्या माणसाने सुचवलं की आधीचेच गुण धरू, टक्का जास्त बसेल, पेन्शनला तुमचाच फायदा. बाकावरची माणसंही म्हणाली, "घ्या की अक्का, कशाला हेलपाटे मारताय?"

मला तो फायदा नको होता. सवलतींसाठी ४० टक्के पुरतात आणि तेवढे खऱ्या चाचणीतही बसणार हे आम्हाला ठाऊक होतं. पण तोच रिपोर्ट शाळेत विशेष शिक्षकांपुढे जातो. पोरीला काही कळत नाही असं त्यावर असलं, तर तिला शिकवायला कोण जीव तोडून बसणार?

बेळगावात आम्ही स्पीच थेरपीला जातो. तिथल्या बाई कन्नडभाषक. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून घरात रोज वापरायचे शब्द लिहून घेतले आणि लेकीचा सराव मराठीतच सुरू केला. त्यांनीच मला सांगितलं की दवाखान्यात घेतात ती बिने-कामत चाचणी आहे, आणि व्ही. व्ही. कामतांनी १९३४ मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्ध्यांक चाचणी आपल्याकडच्या मुलांसाठी बदलून घेतली ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच. हे ऐकून मला बळ आलं.

मी अर्ज लिहिला, तोही मराठीत. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. सोबत शाळेचं पत्र जोडलं, शिक्षणाचं माध्यम मराठी असल्याचं. "कन्नडात आणा" म्हणाले. मी कलमाचा आकडा सांगितला आणि पोचेचा शिक्का मिळेपर्यंत खिडकीवरून हलले नाही. तुम्हीही पोच घ्याच, तिच्याशिवाय पुढे कोणी विचारत नाही.

शेवटी मराठी येणाऱ्या दुसऱ्या मॅडमनी चाचणी घेतली. सकाळी, लेक ताजी असताना. बाहुलीचे डोळे दाखवले, वस्तूंची नावं घेतली, काही आलं नाही तिथे मान हलवून "नको" म्हणाली. टक्का आधीपेक्षा कमी आला, ४० च्या वर. मी व्हरांड्यात येऊन रडले, आनंदाने.

कार्ड पिवळं आलं. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं असतं, ८० पासून पुढे निळं.

हो, एक राहिलं. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं. माझं गडहिंग्लजला झालं, म्हणजे जन्मदाखला महाराष्ट्राचा आणि आधार इथलं. दोन्हीकडचं नावाचं स्पेलिंग अर्ज भरण्याआधीच जुळवून घ्या. आणि ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी नेमलेला व्हीआरडब्ल्यू, म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला गाठा. आमचा भला निघाला, पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात, त्यानेच नेला.

गल्लीतल्यांना मी सांगून ठेवलंय, तिने बोट दाखवलं तरी लगेच वस्तू देऊ नका, शब्दाची वाट बघा. दुकानातले काका आता गिऱ्हाईक थांबवून ती "गोळी" म्हणेपर्यंत वाट बघतात. थेरपीच्या तासाइतकाच मला याचा गुण दिसतो.

आता केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' या आरोग्य विम्याचा फॉर्म भरतेय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात येतो. त्याला दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते आधी काढा.