कॅम्पर व्हॅनचे उचलते छत: भंडारदऱ्याला बसले, मुंबईत उभे राहिले

भंडारदऱ्याला जलाशयाकाठी मुक्कामी असताना आमच्या कॅम्पर व्हॅनचे उचलते छत रात्रीतून डाव्या बाजूला चार बोटे खाली उतरले, आणि पहाटे ते हाताने वर ढकलले तरी पुन्हा सावकाश बसू लागले. शेंडी गावातून घेतलेले दोन वासे मापाने कापून छताच्या पुढच्या कडेखाली लावले, तेव्हा कुठे आवराआवर निर्धास्तपणे करता आली. त्यानंतर छत खाली घेऊन, कड्या लावून आणि वरून पट्टा आवळून घोटी आणि कसारा घाटमार्गे आम्ही चेंबूरला परतलो. पुढची सगळी दुरुस्ती मी आणि माझ्या धाकट्या भावाने मुंबईतच केली. अशा छताच्या गाड्या आता हळूहळू रस्त्यावर दिसू लागल्या आहेत, पण त्यांच्या दुरुस्तीविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून हा वृत्तांत थोडा सविस्तर देत आहे.

आमच्या छताची रचना साधी आहे. फायबरचे छत मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर बसवलेले असून पुढची कड वर उचलली जाते, आणि मधली उघडी जागा कॅनव्हासने झाकलेली असते. दोन्ही बाजूंना एकेक गॅस स्ट्रट आहे, आणि छत आडवे डोलू नये म्हणून पुढे दुमडणारे लोखंडी हात आहेत. गॅस स्ट्रटला कुर्ल्याच्या बाजारात ‘डिक्की शॉकर’ म्हणतात, आणि दुकानात तसेच मागावे. या नळकांडीत दाबाखाली नायट्रोजन वायू आणि थोडे तेल असते. वायू दांड्याला बाहेर ढकलतो आणि तेल त्याची गती आवरते. थंडीत वायूचा दाब उतरतो, त्यामुळे तापमान 10 अंशांनी घसरले की स्ट्रटचा जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी होतो. स्ट्रटवर छापलेला आकडा 20 अंश सेल्सिअसचा असतो. म्हणजे मुंबईच्या तिशीतल्या तापमानात जेमतेम तग धरणारे छत डिसेंबरातल्या घाटमाथ्यावर बसू शकते, आणि आमच्या बाबतीत नेमके तसेच घडले होते. परतल्यावर सोसायटीच्या आवारात छत पुन्हा उघडले, तर ते दिवसभर हलले नाही. ‘मुंबईत तर व्यवस्थित राहते’ एवढ्यावर समाधान मानून कोणी पुढच्या सहलीला निघू नये.

स्ट्रट दमले की नवे आणून लावावेत असा सल्ला सर्रास मिळतो. माझे मत असे आहे की छताचे वजन मोजल्याशिवाय नवा स्ट्रट विकत घेऊच नये. जुन्या नळकांडीवरचा आकडा पाहून तेवढ्याच जोराची नवी आणणे सोपे असते, पण तो आकडा गाडी बांधली गेली त्या दिवशीच्या छतासाठी असतो. आमच्या स्ट्रटवर 700 न्यूटन असे छापलेले होते (न्यूटन हे जोराचे माप; एक किलो वजन म्हणजे सुमारे 10 न्यूटन). गाडी आम्ही जुनी घेतली आहे, आणि आधीच्या मालकाने नंतर छतावर सौर पॅनेल बसवले होते. पॅनेल आणि त्याची चौकट मिळून सात किलोंच्या आसपास भरते. बांधणाऱ्याच्या हिशेबात हे वजन कधी आलेच नव्हते.

वजन मोजण्यासाठी घरातला माणसे तोलण्याचा काटा पुरतो. त्याआधी सुरक्षेची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. स्ट्रट काढायचा तो छत पूर्ण उघडलेले असतानाच, कारण तेव्हा दांडा संपूर्ण बाहेर आलेला असतो आणि सांध्यावर ताण कमीत कमी असतो. काढण्याआधी छताच्या पुढच्या कडेखाली दोन्ही कोपऱ्यांत भक्कम लाकडी टेकू द्यावेत आणि ते निसटू नयेत म्हणून वरखाली पट्ट्याने बांधावेत. त्या वेळी गाडीत दुसरे माणूस असलेच पाहिजे. स्ट्रटच्या टोकाच्या गोल सांध्यावर स्प्रिंगची बारीक क्लिप असते. चपट्या टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरने ती थोडी उचलली की सांधा ओढून निघतो, हातोडी मारावी लागत नाही. दुपारी खाडीकडून वारा सुटला की उघडे छत शिडासारखे वागते, म्हणून हे काम सकाळीच उरकावे.

दोन्ही स्ट्रट निघाल्यावर छत जवळजवळ आडवे येईपर्यंत उतरवले, गाडीच्या तळावर काटा ठेवला, त्यावर मापाचा वासा उभा केला आणि छताची पुढची कड बरोबर मध्यावर त्या वाशावर टेकवली. वाशाचे वजन वजा जाता काट्याने 28 किलो दाखवले. कॅनव्हास जोडलेलाच ठेवावा, कारण उचलताना तोही उचलावा लागतो. बिजागरीपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर 2.2 मीटर आहे, म्हणजे बिजागरीभोवतीचा भार (वजनाचा जोर गुणिले अंतर) सुमारे 604 न्यूटन-मीटर झाला. छत 30 अंशांवर पूर्ण उघडते तेव्हा तो 523 पर्यंत येतो. त्या स्थितीत बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेपर्यंतचे काटकोनातले अंतर दोरी ताणून मोजले, ते 35 सेंटिमीटर भरले. भागाकार केल्यावर दोन्ही स्ट्रट मिळून सुमारे 1,494 न्यूटन जोर लागतो असे निघाले. जुन्या जोडीचा जोर नवी असतानाही 1,400 होता, आणि 10 अंश तापमानात तो 1,350 च्या आसपास उरतो. मुंबईच्या उबेत तो 1,450 पर्यंत चढतो आणि राहिलेली तूट सांध्यांचे घर्षण भरून काढते. एवढ्या हिशेबातून भंडारदऱ्याच्या रात्रीचा उलगडा झाला. गरजेवर साधारण 15 टक्के राखीव धरून आम्ही प्रत्येकी 850 न्यूटनचे स्ट्रट ठरवले.

यापेक्षा फार जास्त जोराचे स्ट्रट घेण्याचा मोह टाळावा. छत बंद असताना दांडा आत दबलेला असतो आणि स्ट्रटचा जोर छापील आकड्यापेक्षा बराच वाढलेला असतो. त्यातला वर ढकलणारा अंश पुढच्या कड्या आणि छताचे फायबर रात्रंदिवस झेलत राहतात. शिवाय छत खाली ओढताना एकट्या माणसाला लोंबकळावे लागता कामा नये.

खरेदीसाठी कुर्ला पश्चिमेकडून कलिन्याकडे जाणारा सीएसटी रस्ता गाठावा. तिथे दुकानदार पहिला प्रश्न ‘गाडी कोणती?’ असा करतात, आणि आपल्या छताला कोणत्याच गाडीचे नाव लागू पडत नसल्याने बोलणे तिथेच अडते. म्हणून पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: दांडा पूर्ण बाहेर असतानाची लांबी, दांड्याची चाल (तो किती आत-बाहेर सरकतो), दांड्याचा आणि नळीचा व्यास, टोकांचा प्रकार आणि जोर. आमचा दांडा 10 मिलिमीटरचा आणि नळी 22 मिलिमीटरची होती, आणि हे माप सर्रास मिळते. जुना नमुना सोबत असावाच. स्ट्रट नेहमी जोडीने बदलावेत, कारण एक नवा आणि एक जुना असला की छत पिळले जाते. निकामी वाटणाऱ्या जुन्या स्ट्रटमध्येही भरपूर दाब उरलेला असतो. 850 न्यूटनच्या नव्या नळीत तो सुमारे 108 बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास पन्नासपट भरतो. म्हणून तो कापू नये, त्याला भोक पाडू नये, आगीजवळ नेऊ नये.

नव्या स्ट्रटनी काम संपले असते, पण डावीच बाजू अधिक का उतरली याचे उत्तर त्यांतून मिळत नव्हते. ते दुमडणाऱ्या हाताच्या सांध्यात सापडले. मधली पिन सुटी केली तर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे भोक झिजून लांबट झालेले होते आणि पोलादी बोल्टभोवती पांढरी भुकटी जमली होती. दोन वेगळे धातू खाऱ्या दमट हवेत एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला ॲल्युमिनियम झिजतो, आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास आढळते. साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या लेथवर ब्रॅकेट नेल्यावर तिथले वयस्क कारागीर म्हणाले, “ताई, नुसती नवी पिन घालू नका. भोक गोल करून बुश बसवू, नाहीतर पुन्हा हलायला लागेल.” त्यांनी भोक 16 मिलिमीटरपर्यंत वाढवून त्यात घट्ट बसणारे बुश, म्हणजे पिनभोवतीची पोकळ नळी, वळवले, आतून 12 मिलिमीटरच्या पिनसाठी अगदी किंचित सैल. बुशसाठी आम्ही नायलॉनऐवजी डेलरिन हे कठीण प्लास्टिक निवडले, कारण नायलॉन दमट हवेत पाणी शोषून फुगते आणि पावसाळ्यात सांधा जड होतो. उजव्या बाजूचे भोक त्या मानाने चांगले होते, तरी दोन्हीकडे सारखेच काम करून घेतले.

पिन, नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट आणि वॉशरसाठी नागदेवी स्ट्रीटला जावे, पण गाडी घेऊन जाऊ नये. मस्जिद स्थानकावर उतरून चालत जाणे उत्तम, आणि रविवारी बाजार बंद असतो हे लक्षात ठेवावे. समुद्रकाठी वारंवार जाणाऱ्यांनी 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे, कारण खाऱ्या हवेत ते 304 पेक्षा जास्त टिकते. मात्र स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्येही नायलॉनचा वॉशर आणि ग्रीसचा थर हवाच.

जोडणीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. छत उघडे असताना स्ट्रटची नळी वर आणि दांडा खाली राहील असे बसवावे, म्हणजे आतले तेल दांड्याभोवतीच्या रबरी सीलवर राहते आणि सील सुकत नाही. हातांचे नट इतकेच आवळावेत की सांधा हलेल पण डुलणार नाही. सगळे जोडल्यावर छत पहिल्यांदा उतरवताना एकाने आत राहून कॅनव्हासची घडी आत ओढत राहावी. सांध्यात सापडलेला कॅनव्हास क्षणात फाटतो आणि त्याची शिलाई हे दुरुस्तीपेक्षा मोठे काम होऊन बसते.

नवे स्ट्रट बसल्यावर पुढच्या कडेला सामान तोलण्याचा हातकाटा अडकवून छत खाली ओढले, तेव्हा साडेचार किलोंच्या आसपास ओढ लागली. माझ्या अंदाजाने चार ते सात किलोंची ओढ योग्य आहे. त्याहून कमी असेल तर थंडीत छत बसेल, आणि जास्त असेल तर कड्यांवर नको तेवढा ताण येईल.

चाचणीसाठी आम्ही पूर्व मुक्त मार्गाने शिवडीला येऊन अटल सेतूवरून अलिबागच्या दिशेने नागावला गेलो. जवळपास 22 किलोमीटरच्या या सेतूवर समुद्राचा आडवा वारा चांगलाच लागतो आणि मोटारींना ताशी 100 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, त्यामुळे छताच्या कड्यांची परीक्षा आपोआप होते. आम्ही मात्र 80 च्या पुढे गेलो नाही. सेतूवर थांबण्यास मनाई असल्याने कड्या, पट्टा आणि पॅनेलचे बोल्ट आधीच तपासून घ्यावेत आणि पलीकडे उतरल्यावर सुरक्षित जागी थांबून पुन्हा हात फिरवावा. आमची एक कडी किंचित सैल झाली होती. तिच्या आकड्याचे आटे दोन फेरे आवळल्यावर खडखड थांबली. नागावला रात्रभर वारा असूनही छत जागचे हलले नाही. थंडीतली खरी चाचणी माळशेजला झाली, आणि तिथेही पहाटे दोन्ही बाजूंची उंची टेपने सारखीच भरली.

नव्याने असे छत बसवून घेण्याच्या विचारात असलेल्यांनी एक लक्षात घ्यावे. स्ट्रट किंवा बुश बदलणे ही दुरुस्ती आहे, परंतु मूळ छत कापून उचलते छत बसवणे हा वाहनातला बदल ठरतो आणि त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओची परवानगी लागते. जुनी गाडी घेताना नोंदणी पुस्तकात तसा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे.

देखभालीत मीठ धुणे सर्वांत महत्त्वाचे. किनाऱ्यावरून आल्यावर बिजागऱ्या, हात आणि पिना गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मग ग्रीस लावतो. स्ट्रटच्या चकचकीत दांड्याला मात्र ग्रीस लावत नाही, कारण त्याला वाळू चिकटते आणि ती सील कापते. तो नुसता मऊ फडक्याने पुसावा. पावसाळ्यात छत ओले असताना बंद करावे लागले, तर घरी पोहोचताच ते उघडून कॅनव्हास पूर्ण वाळवावा. छतावर पुढे काहीही नवे बसवले, मग ते दुसरे पॅनेल असो वा सायकलचा स्टँड, तर काटा आणि वासा पुन्हा काढून वजन नव्याने मोजावे. मापाने कापलेले दोन वासे आता गाडीत कायम असतात. आतला कोणी वर झोपणार असेल, त्या रात्री स्ट्रट नवे असले तरी आम्ही ते लावूनच ठेवतो.