सिलिंडरखालची लादी

रविवार, रात्री

ओट्यासमोरची फुटकी लादी आज एकदाची निघाली. बत्ता पडला तेव्हा नुसता केसाएवढा तडा होता. मग पुसताना पाणी मुरत गेलं, तडा काळा पडला, कोपऱ्यावरची झिलई उडाली आणि आतली विटकरी माती दिसायला लागली. अनवाणी पाय पडला की टोचायचं.

घोडं अडलं होतं जुळणाऱ्या लादीपाशी. दुकानात सगळा 2 बाय 2 फुटांचा चकचकीत माल. आमची 1 बाय 1, बदामी, बारीक ठिपक्यांची. "मोरबीच्या लाद्यांच्या कारखान्यांत हे डिझाईन कधीच बंद झालं असेल," दुकानदार म्हणाला. आणि मिळालं तरी बॅच बदलली की शेड बदलते, हेही ऐकवलं. त्यातल्या त्यात जवळची एक घेऊन आले.

मिस्त्रींनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "ताई, सिलिंडर कुठे ठेवता?"

सिलिंडर सरकवून त्यांनी छिन्नीच्या टोकाने तिथल्या लाद्या वाजवल्या. टक, टक, टक आणि एक ढब. "ही अख्खी निघेल." सांधे खरवडून खालून पट्टी सरकवली, तर खरंच अलगद उचलली गेली. खाली सिमेंटचा मसाला कुठे? चार कोपऱ्यांत चार गोळे, मध्ये एक, बाकी हवा. फुटलेलीच्या खालीही तेच. भरीव बसवली असती तर बत्त्याने फार तर टवका उडाला असता. बांधकामवाल्याने मसाला वाचवला म्हणून लादी फुटली, आणि वाचवला म्हणूनच जुळणारी घरात सापडली. आता त्याला शिव्या तरी कशा घालायच्या?

फुटकी मात्र मधोमध फोडून कडेकडे काढत नेली. कडेला घाव बसला की शेजारचीही जाते. सगळ्यात वेळ गेला तो जुना मसाला तासण्यात. तो राहिला तर लादी वर उचललेली बसते आणि ठेच ठरलेली. मग लादी चिकटवायचं केमिकल पसरून दातेरी थापीने रेघा ओढल्या, रबरी हातोडीने ठोकून पातळी जुळवली. दुकानातली गेली सिलिंडरखाली.

24 तास पाय ठेवायचा नाही. सांधे उद्या संध्याकाळी, पांढऱ्या सिमेंटमध्ये किंचित पिवळा रंग कालवून. नुसतं पांढरं भरलं तर चारी रेघा डोळ्यांत खुपतील. तोवर जागेवर स्टूल आडवं टाकलंय, आणि सकाळचे डबे जेवणाच्या टेबलावर, इंडक्शनवर.