बालेवाडीच्या पार्किंगमध्ये दोन तास

रविवार, रात्री साडेअकरा.

आज ऑफिसातल्या मित्राच्या पोरीची बॅडमिंटनची मॅच होती बालेवाडीला, त्याची गाडी गॅरेजला, म्हणून ड्रायव्हर मी. ती दोघं आत गेली आणि मी पार्किंगमध्ये चहा घेऊन बसलो, तर समोर ते मोठं स्टेडियम. किती वर्षांनी एवढ्या जवळून बघितलं कुणास ठाऊक.

2009 ला कोल्हापूर सोडून पुण्यात आलो तेव्हा इथं ओळखीचं कुत्रं नव्हतं. रूमवर बसून काय करायचं म्हणून पुणे एफसी या फुटबॉल क्लबच्या मॅचला इथं यायला लागलो. टीमचं आय-लीगमधलं, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगमधलं, ते पहिलंच वर्ष, सेकंड डिव्हिजनमधून नुकती वर आलेली, कोच डेरिक परेरा, आणि पहिल्याच सीझनला थेट तिसरा नंबर! चॅम्पियन गोव्याचं डेम्पो झालं, ते त्या काळात व्हायचंच. पण एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये माणसं इतकी तुरळक असायची की गोलकीपर डिफेंडरवर ओरडला तर वर आमच्यापर्यंत ऐकू यायचं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा या दोन तालमींची (तिकडं फुटबॉलचे क्लब म्हणजे तालमीच) मॅच म्हटलं की पाय ठेवायला जागा नसते, आणि इथं पायऱ्यांवर आडवं पडून मॅच बघता यायची. देशातली टॉपची लीग होती ही, बरं का.

माझा आवडता अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती, जन्म जपानचा, आणि खेळायचा पुण्यात. गडी अंगानं बारीक पण बॉल पायाला आला की घाई म्हणून नाही. भारताकडून खेळायचं म्हणून त्यानं जपानचा पासपोर्ट सोडला, कारण आपल्याकडे दोन ठेवता येत नाहीत, आणि 2013 ला खरंच भारताची जर्सी घातली. आपल्याकडची पोरं बाहेरचा पासपोर्ट मिळावा म्हणून आयुष्य घालवतात आणि हा पठ्ठ्या उलटा आला. नाव पण बदललं, नीलकंठ खंभोळजा. मी मात्र शेवटपर्यंत अराताच म्हणत राहिलो, सवय.

सुब्रतो पाल पण तेव्हा आमचाच गोलकीपर. 2011 च्या एशियन कपमध्ये कोरियानं आपल्याला 4-1 हरवलं, पण त्यानं इतके बॉल अडवले की लोक त्याला स्पायडरमॅन म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी असा हिंडत होतो जसं काय गोल मीच वाचवले.

2012-13 ला तर आम्ही दुसरे आलो, चर्चिल ब्रदर्सच्या मागं. वाटलं आता पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी नवीनच निघालेली बेंगळुरू एफसी पहिल्याच फटक्यात चॅम्पियन, आणि 2015 ला आमचा क्लबच बंद. हरून खाली गेला असता तर एक वेळ समजलं असतं, पण हा पॉइंट्स टेबलमध्ये ठीकठाक असताना गेला. त्याच्या आधी 2010 ला महिंद्रा युनायटेड गेला, 2011 ला जेसीटी, जो देशाच्या लीगचा 1996-97 चा पहिलावहिला चॅम्पियन होता. तेव्हा पेपरात वाचून आपण अरेरे केलं आणि पान उलटलं. आपल्यावर आल्यावर कळतं.

मग आयएसएल या नव्या लीगमधली एफसी पुणे सिटी होतीच. पहिल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे आला, वर्ल्ड कप जिंकलेला माणूस बालेवाडीत! गेलो, बघितलं, फोटो काढले. 2019 ला तीपण गेली आणि तिची जागा हैदराबादला मिळाली. आयएसएलची 2022 ची फायनल मी टीव्हीवर बघितली, गोव्यात फातोर्ड्याला, हैदराबादची केरळविरुद्ध. साहिल तावोराचा शेवटी शेवटी गोल, मग पेनल्टीत गोलकीपर कट्टीमणीनं तीन अडवल्या आणि हैदराबाद चॅम्पियन. म्हटलं ही जागा मूळची आमची की रे. बायको म्हणाली, झोप आता.

गावी आबांना 2015 ला फोनवर सांगितलं होतं, पुणे एफसी बंद पडला म्हणून. त्यांना कळेचना. "बंद म्हंजे? तालीम बंद कशी पडंल? पोरं कुठं गेली?" मी म्हटलं पोरं गेली दुसऱ्या क्लबात, पगारी असतात ती. "आणि बघणारी?" म्हणाले. मी विषय बदलला, पावसाचं विचारलं.

मॅच संपवून दोघं आली. पोरगी पहिल्याच राउंडला हरलेली, पण तिला भूक लागली होती, त्यामुळे दुःख फार टिकलं नाही. गाडी काढताना मित्राला म्हटलं, इथं मी दर मॅचला यायचो, पुणे एफसीच्या.

"ती हृतिक रोशनची टीम ना?"

नाही रे, म्हटलं, तिच्या आधीची.

"आधी पण होती?"