पोस्टग्रेस सुरू होईना: ‘पर्मिशन डिनाइड’चा माझा अनुभव

लिनक्स मशीनवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा नव्या डिस्कवर हलवला. कॉपी, माउंट (डिस्क सिस्टिमला जोडणं), कॉन्फिगमधला पाथ, सगळं झालं. सर्व्हिस सुरू केली आणि लॉगमध्ये ‘पर्मिशन डिनाइड’. लॉग बघायला ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव; नक्की कोणता पाथ नाकारला ते त्या ओळीतच असतं.

पाथ कळला, तरी गाडी तिथेच रुतली. डेटा डिरेक्टरी चोख होती: मालक पोस्टग्रेस नावाचा युजर, परवानगी ७०० (फक्त मालकाला सगळं खुलं). रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून उघडली तर बिनबोभाट उघडायची. उघडणारच! रूटला या परवानग्या अडवतच नाहीत, त्यामुळे ती तपासणी फुकट. ‘सुडो -यू पोस्टग्रेस एलएस’ने, म्हणजे पोस्टग्रेस युजर बनून, तोच पाथ उघडून पाहिला, तेव्हा कुठे नकार समोर आला.

मग ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ दिला. ही कमांड मुळापासून एकेक डिरेक्टरी मालक आणि परवानगीसकट एकाखाली एक मांडते. मधली एक डिरेक्टरी रूटच्या मालकीची, ७००. रूटच्या शेलचा युमास्क (नव्या फाईलींच्या परवानग्या छाटणारी सेटिंग) ०७७ होता, म्हणून ती तशी तयार झालेली. आतल्या फाईलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर ‘एक्स’ (आत शिरायची परवानगी) लागतो. एक जरी बंद असली तरी आतलं सगळं व्यर्थ. तेवढ्या एकीची परवानगी ‘चमॉड ७११’ने बदलली: आरपार जाता येतं, यादी मात्र दिसत नाही. सर्व्हर लगेच उठला.

त्याआधी वैतागून ‘चमॉड -आर ७७७’ (आतल्या सगळ्यावर, सगळ्यांना सगळं खुलं) मारून झालं होतं, ते मुळीच करू नका. पोस्टग्रेसला डेटा डिरेक्टरी ७०० हवी, आवृत्ती ११ पासून ७५०ही (गटालाही वाचता येतं) चालते; त्याहून सैल दिसली की तो सुरूच होत नाही. एसएसएलची (एन्क्रिप्टेड जोडणीची) खाजगी की उघडी असेल तर तिच्यावरही रुसतो. निस्तरायला ‘फाइंड’ने डिरेक्टरींना ७०० आणि फाईलींना ६००, वेगवेगळं.

आणि हो, डिस्क दुसऱ्या मशीनवरून आली असेल तर आधी ‘एलएस -एलएन’ बघा. डिस्कवर मालकाचं नाव नसतं, यूआयडीचा (युजर क्रमांकाचा) आकडा असतो, आणि इथे तो भलत्याच युजरचा निघू शकतो. मग ‘चाऊन -आर’ने मालक बदला.

एवढं करूनही नकारच, आणि मशीनवर एसईलिनक्स (फाईलींना लेबल लावून प्रवेश ठरवणारा लिनक्सचा वेगळा सुरक्षा-थर) चालू असेल, तर ‘एलएस -झेड’ने लेबल बघा. ‘एमव्ही’ने हलवलेल्या फाईली जुनंच लेबल घेऊन येतात. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नव्या पाथचा नियम नोंदवा, मगच ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’ने लेबल लावा. नियम न नोंदवता चालवलं तर ते पुन्हा चुकीचंच लेबल चिकटवतं.